लख्ख उजेड

समुद्रात रात्रभर जळणाऱ्या त्या पांढऱ्याशुभ्र दिव्यांवरून गावात तर्कांना ऊत आला होता. कुणी म्हणे पाणबुड्या, कुणी म्हणे भुतं. तिला मात्र ठाऊक होतं. मासे वर यावेत म्हणून मोठ्या बोटींवर लावतात ते दिवे. तिचा धाकटा दीर त्यांतल्याच एका बोटीवर कामाला होता.

तिच्या नवऱ्याची छोटी होडी बुडाली. प्रेत किनाऱ्याला लागलं. सगळं आटोपल्यावर तिनं दिराला गाठलं.

"भावोजी, तुमची बोट तिथेच होती. एवढ्या लख्ख उजेडात हे तुम्हाला दिसले कसे नाहीत?"

"उजेड आमच्याच अंगावर असतो, वहिनी. त्यात उभं राहिलं की दोन हातांवरचं माणूसही दिसत नाही."

"आणि हाक?"

"जनरेटरपुढे काही ऐकू येत नाही." मग त्यानंच विचारलं, "दादा शेवटी फार घाबरला असेल ना?"

त्याला धीर द्यावा म्हणून ती म्हणाली, "नाही हो. होडीत पाणी शिरतंय असा फोन आला, तेव्हा हसत होते. म्हणाले, समोर धाकट्याची बोट दिसतेय, आता कसली भीती!"