उंबऱ्यातलं पाणी

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष विटकॉम निघायला उठले, तशी स्तोइनाआजी तांब्याची कळशी घेऊन उंबऱ्यात आली. अंगरक्षक लगेच पुढे सरसावला.

"हात लावशील तर बघ!" आजी कडाडली. "मागं तुझ्यासारख्याच एकानं कळशी हिसकावली. काय झालं? वर्ष फिरायच्या आत हा निवडणूक हरला!"

कुंपणापलीकडून शेजारचा मिंचो खिदळला. "आजे, अमेरिकेचं सरकार पाडणारी आपल्या गावात तू एकटीच!"

हा टोमणा तो कित्येक वर्षं मारत होता. आजी त्याला शिव्या घालायची, पण मनातून तिला ते खरंच वाटायचं. निघणाऱ्याच्या वाटेवर पाणी ओतायचं, म्हणजे त्याचं काम पाण्यासारखं सुरळीत होतं, एवढं तर बल्गेरियात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि हा माणूस मागच्या खेपेला, राष्ट्राध्यक्ष असताना, तिच्या हातची बनित्सा, म्हणजे चीज भरलेली खुसखुशीत पोळी, खाऊन कोरड्या वाटेनं गेला होता. आता खुर्ची गेल्यावर देशोदेशी भाषणं देत फिरताना तो वाट वाकडी करून पुन्हा आला होता, या खेपेला एकटाच. आजीला चूक भरून काढायची होती.

शाळेतल्या दारिनाबाईंनी हे सगळं इंग्रजीत सांगितलं. विटकॉम हसले नाहीत. अंगरक्षकाला त्यांनी हातानंच मागं सारलं.

"मला आता कुठली निवडणूक लढवायची नाही," ते म्हणाले. "पण परवा मार्गारेटचं ऑपरेशन आहे. हृदयाचं. तिच्यासाठी ओतता येईल का, विचारा ना."

आजीला त्यांची बायको चांगली आठवत होती. दुखऱ्या गुडघ्यानं, नवऱ्याच्या डाव्या कोपराला धरून, दारातल्या मिरच्यांच्या माळा बघत हळूहळू हिंडलेली.

"जो त्यातून चालतो त्यालाच ते लागतं, लेका," ती म्हणाली. "ती कुठंय इथं?"

तिनं पाणी ओतलं. "वळसा घालू नकोस. त्यातूनच जा."

विटकॉम बूट भिजवत फाटकापर्यंत गेले. तिथून परत आले आणि पुन्हा उंबऱ्यात उभे राहिले. दारिनाबाईंना काही सांगावं लागलं नाही. आजीनं उरलेली कळशी उपडी केली.

या वेळी ते डावं कोपर जरासं बाहेर काढून, अगदी लहान लहान पावलं टाकत चालले.