वडिलांचं माप

आखातातल्या उम्म अल हस्सममधल्या शिवदास शिंप्याकडे पन्नाशीच्या चिनी चेनसाहेबांनी वडिलांसाठी शर्ट शिवायला टाकला. "माप तुझंच घे," ते म्हणाले.

"या वयात अंग छान राखलंय म्हातारबुवांनी," शिवदास हसला.

५ एप्रिल १९८१ ला शर्ट तयार झाला. चेननी तो शिवदासलाच घालायला लावला, कॉलर नीट केली आणि एकदम गुडघे टेकून त्याच्या पायांपाशी डोकं ठेवलं.

शिवदास दचकून मागे सरला. "अहो साहेब, काय करताय?"

"हलू नकोस. आज चिंगमिंग, आमच्या पितरांचा दिवस. आता हा शर्ट जाळला की त्यांना पोचेल. वडील गेले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते."

सत्तावीस वर्षांच्या शिवदासला कळेना, आधी शर्ट काढावा की आशीर्वाद द्यावा.