आईच्या बांगड्या

“हाही नको. जातं घरघरतंय, ओवी येतेय, पण आईच्या बांगड्या कुठायत?”

पुस्तकांच्या फळीवर मावतील असे स्वस्तातले स्पीकर घ्यायला दोघं आली होती. गेलेल्या आईची, दळताना टेप केलेली ओवी लावून नवरा एकेक जोडी नाकारत होता.

“काका, वाजतायत की छान!” दुकानदार म्हणाला.

“मला सांगता? त्या किणकिणीवर झोपायचो मी!”

बायकोला तर बांगड्या स्वच्छ ऐकू येत होत्या. परवा दाराची बेल, काल मोबाइल... आणि आपण म्हणत राहिलो, यांचं मेलं लक्षच नसतं!

पुढची जोडी लागली. ती हळूच त्याच्या पाठीमागे उभी राहिली आणि जात्याच्या फेऱ्यागणिक आपलं बांगड्यांचं मनगट त्याच्या कानाशी हलवू लागली.

“हां! आल्या बघ!” त्याचे डोळे भरले. “हेच द्या.”

दुकानदारानं तिच्याकडे पाहिलं आणि खोका बांधला.

रिक्षात तो मांडीवरचा खोका थोपटत होता. घरातली त्याची खुर्ची तिला आठवली. ती भिंतीला टेकलेली होती. मागे उभं राहायला जागाच नव्हती.