रविवारी तोच सिनेमा

"पुन्हा तोच?" नागसेनने विचारलं.

वर्षाली पार्किंगमध्ये स्कूटर चालू करून उभी होती. तिने मान हलवली आणि मागे बस अशी खूण केली.

हा कितवा रविवार, हे मोजणंही त्याने सोडून दिलं होतं. चिंचवडच्या एका थिएटरात तो जुना सिनेमा पुन्हा लागला होता, त्या दोघांच्या जन्माच्याही आधीचा. नायिका नाचते, नायक तिच्यावर भाळतो, मग तोही नाच शिकतो. मध्येच दोघं रुसतात आणि रुसल्यावरही नाचतात. एवढ्यासाठी तीन तास. आणि लोक तिकिटं काढून येत होते, गाण्यांवर टाळ्या वाजवत होते. हे सगळं नागसेनच्या डोक्यावरून जात होतं.

एकटी जा, नाहीतर तनुजाला घेऊन जा, असं त्याने सुरुवातीलाच सांगून पाहिलं होतं. तनुजा वर्षालीची शाळेपासूनची मैत्रीण, ती आनंदाने गेली असती. पण वर्षालीचं एकच. "तनुजा नको. तू हवास."

का हवास, हे त्याने मनाशी ओळखलं होतं. तळेगावच्या कॉलेजात वर्षाली दरवर्षी गॅदरिंगला नाचायची. त्याने तिला पहिल्यांदा पाहिलं ते तिथेच, स्टेजवर. तो स्वतः मात्र लाकडाचा ओंडका. गेल्या उन्हाळ्यात चुलतभावाच्या, सोनूच्या वरातीत सगळं घर नाचत होतं. त्याची आई, सोजरबाईसुद्धा. वर्षालीने येऊन त्याचा हात ओढला, तर हा तिची पर्स सांभाळत उभाच राहिला. तेव्हा ती हसली होती. पण पुढे हा सिनेमा लागला आणि नागसेनला वाटलं, तोंडाने बोलायचं नाही म्हणून ही दर रविवारी आपल्याला पडद्यासमोर नेऊन बसवते. बघ, नवरा असा असतो.

इकडे त्याचं सगळंच बिघडत चाललं होतं. चाकणच्या कंपनीत दिवाळीपासून रात्रपाळी मागे लागली होती. दिवसा दिघीच्या फ्लॅटवर यावं तर खाली फॅब्रिकेशनवाल्याचा ग्राइंडर, वरच्या मजल्यावर फरशा बदलायचं काम. तो आईवर खेकसायचा, भाजीवाल्याशी भांडायचा. गुरुवारी प्रेस मशीन त्याच्या बोटांना चाटून खाली आलं. सुपरवायझरने त्याला तिथून काढून पॅकिंगला टाकलं आणि पुन्हा असं झालं तर सरळ घरी पाठवीन असा दम भरला. घरी येऊन मशीनच खराब होतं, असं त्याने सांगितलं. वर्षालीने कोणता हात, एवढंच विचारलं.

आणि आज रविवार उजाडल्याबरोबर पुन्हा सिनेमा. माझी बोटं जाता जाता वाचली आणि हिला नाच सुचतोय, या विचाराने त्याचं डोकं सणकलं होतं.

कंपनीतल्या भैरूला त्याने हे दर रविवारच्या सिनेमाचं मागेच बोलून दाखवलं होतं. भैरू चाकणजवळच्या गावातला, शेती सांभाळून शिफ्ट करणारा. त्याला त्यात नवल वाटलं नाही. "आमची बी बघती त्यो पिच्चर," तो म्हणाला. "त्या हिरोवानी वागा म्हनती. आपण कुठनं आणायचं, राव?"

नाशिक फाट्याच्या सिग्नलला नागसेनला राहवलं नाही. तो मागूनच म्हणाला, "नाचणारा नवरा हवा होता, तर मला हो का म्हणालीस?"

वर्षालीने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. सिग्नल सुटला. तिने स्कूटर पुढे काढली.

थिएटरात तिने नेहमीची जागा घेतली, सगळ्यात मागची, भिंतीकडच्या कोपऱ्यातली. दारावरचा सयाजी आता तिला ओळखायला लागला होता. ताई, पोस्टर घरी देऊ का, अशी त्याने थट्टाही केली. नागसेनला ती मुळीच आवडली नाही.

एरवी दिवे मालवले की नागसेन डोळे मिटून घ्यायचा. निषेध म्हणून. लोक उठायला लागले की उघडायचा. मध्यंतर कधी होतं हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. आज मात्र त्याने बाहेरच्या टपरीवर कडक चहा मारला होता. आज अख्खा सिनेमा बघायचा, त्यात हिला काय दिसतं ते शोधायचं आणि घरी जाताना एकदाच सोक्षमोक्ष लावायचा. माझ्याबरोबर राहायचंय की नाही, असं तिला सरळ विचारायचं.

सिनेमा सुरू झाला. नायिका जिना उतरत आली. हॉलमध्ये कुणीतरी शीळ घातली. नायकाने खांबाआडून तिच्याकडे पाहिलं. नागसेनने मनात पहिलं वाक्य जुळवायला घेतलं. हे बघ, वर्षाली...

टाळ्यांच्या कडकडाटाने तो दचकला. सिनेमातलं सगळ्यात गाजलेलं गाणं लागलं होतं. लोक ठेक्यात टाळ्या वाजवत होते, कित्येक जण मोठ्याने गात होते.

त्याने डोळे उघडले, तर समोर काळोख. प्रोजेक्टर बंद पडला की काय, असं त्याला वाटलं. मग त्या काळोखाला काठ दिसला. कडेने रंगीत उजेड नाचत होता.

ती वर्षालीची ओढणी होती. वर्षाली पुढच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर गुडघे टेकून, पडद्याकडे पाठ करून बसली होती. दोन्ही हातांनी तिने ती ओढणी त्याच्या चेहऱ्यासमोर ताणून धरली होती. तिची कोपरं थरथरत होती.

"झालास ना जागा?" ती वैतागून कुजबुजली. "मिट डोळे. अजून अर्धा सिनेमा बाकी आहे."