बशीतला निकाल

काल दुपारी तिने प्रयोगशाळेतूनच वडिलांना फोन केला होता. "बाबा, तुमच्या वेलीच्या अर्काने तापाचे विषाणू मेले!" जन्मभर माळीकाम केलेले बाबा हरखून म्हणाले, "मी सांगत नव्हतो, ही वेल तापावर औषध आहे म्हणून?" पण आज सूक्ष्मदर्शकाखाली तिने प्रयोगाची तीच काचेची बशी नीट तपासली. विषाणूंबरोबर बशीतल्या माणसाच्या जिवंत पेशीही झाडून सगळ्या मेल्या होत्या. अर्काने काहीच जिवंत ठेवलं नव्हतं. तिने लगेच पुन्हा फोन लावला. "बाबा, त्या वेलीचा रस कुणालाही देऊ नका. विषारी आहे." बाबा म्हणाले, "अगं, काल तुझी आई तापाने फणफणली होती. दवाखान्यात न्यायला निघालोच होतो, तेवढ्यात तुझा फोन आला. मग वाटीभर पाजला." "आता कशी आहे ती?" "ताप पार उतरलाय. अंग गारगार लागतंय. झोपलीय. उठवू का?"