काठावरच्या चपला
वरंधा घाट उतरून प्रेरणानं वडिलांना समुद्र दाखवायला आणलं होतं. सकाळभर गाडी किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरली. बेटावर जाणारी लाँच सुटल्यावर तिला दिसलं, ते अनवाणी. "आबा, चपला कुठं?" "काठावर. होडी लक्ष्मी असती, पोरी." हिर्डोशीला धरणाच्या पाण्यात आबांनी वीस वर्षं होडी वल्हवली, चपला घालून कुणाला चढू दिलं नव्हतं. "अवो, हितं कुणी काढत न्हाई! लोक हसत्यात," प्रेरणा म्हणाली. आबांनी पाय बाकाखाली ओढून घेतले. बेटावरच्या तापलेल्या वाळूत ते तसेच अनवाणी चालले, तेव्हा प्रेरणाला स्वतःचाच राग आला. परतताना लाँचमध्ये चढण्याआधी तिनं सँडल काढून हातात घेतल्या. आबांनी पाहिलं आणि तिला आधाराला हात दिला. धक्क्यावर त्यांच्या चपला जागच्या जागी होत्या. शेजारी ओळीनं, नंतरच्या लाँचनं गेलेल्या अनोळखी माणसांचे नऊ जोड मांडलेले. प्रेरणा बघतच राहिली. "घाल आता पायात," आबा म्हणाले, "काठ आला."