चौदा तास आणि भाग्यश्री

कागदावर फक्त तीन ओळी लिहायच्या होत्या, आणि त्यातली एकही छायाच्या हातून उतरत नव्हती. २००८ सालचा फेब्रुवारी. मंगळवारी शर्यतीसाठी मलेशियाला निघायचं होतं, आणि त्याआधी प्रत्येकीने आपापली तीन उद्दिष्टं लिहून आणा, असं त्यांचे प्रशिक्षक देवराम सरांनी बजावलं होतं. जवळपास चार किलोमीटर पोहायचं, मग एकशे ऐंशी किलोमीटर सायकल, मग बेचाळीस किलोमीटर धावायचं, आणि सगळं एकाच दिवसात, सतरा तासांच्या आत. एवढं करायला निघालेल्या बाईला तीन ओळी लिहिता येईनात, म्हणजे कमालच म्हणायची.

खरं तर पहिली ओळ तिला तोंडपाठ होती. चौदा तास. तेवढ्यात आपण संपवू शकतो, हे ती मनोमन जाणून होती. नाशिकहून देवळ्याला जाऊन परत आलं की सायकलचं अंतर जवळपास भरतं, आणि गेल्या महिन्यात ते तिने हसतखेळत कापलं होतं. वय एकेचाळीस. पुढच्या वर्षी लेक दहावीला, आणि शाळेतल्या बाईंना अशी रजा दर वर्षी कोण देणार? चौदा तास व्हायचे तर आत्ताच.

घोडं अडलं होतं ते भाग्यश्रीपाशी. भाग्यश्री नाशकात द्वारका चौकाजवळ राहायची, बँकेत नोकरीला. छायाला तरणतलावात उतरवलं तिनेच आणि हे वेड डोक्यात भरवलं तेही तिनेच. दोन वर्षं दोघी पहाटे बरोबर निघत होत्या, आणि संपवायचं तेही बरोबरच, असं ठरलेलं. पण भाग्यश्रीचा गुडघा दुखरा. सतरा तास पुरले तरी तिचं नशीब. तिच्या संगतीने राहायचं तर चौदा तासांवर पाणी सोडायला हवं होतं, आणि छायाला ते सोडवत नव्हतं. सोडवत नाही याची तिला लाजही वाटत होती.

शेवटी वैतागून तिने साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवला, पेन आणि कागद त्याच्या खिशात कोंबला आणि झेंडू खुरपायला मळ्यात गेली. रविवार होता, शाळा नव्हती. सासूबाई गोजराबाई, शेजारची भागीबाई आणि साठी उलटलेली शकुबाई आधीच आल्या होत्या. चौघींनी एकेक पात धरली. पात म्हणजे जिची तिची ओळ, या बांधापासून त्या बांधापर्यंत.

शकुबाईची पात छायाच्या शेजारी. म्हातारीचा हात सावकाश चालायचा. बाकीच्या दोघी पुढे सरकल्या, आणि शकुबाई एकटी मागे पडू नये म्हणून छायाने मुद्दाम खुरपं हळू केलं. लपवायला गेली, पण अशा गोष्टी शेतात लपत नाहीत.

"माझ्यापायी रेंगाळती का गं?" शकुबाईने विचारलं. "मी काय पांगळी हाय?"

छाया ओशाळली. पुढून गोजराबाईंनी मानही न वळवता सुनेला फैलावर घेतलं. पोरांना शाळेत शिकवतीस आणि इथं शहाणपण कुठं जातं, असं काहीबाही बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मागं थांबून तिची पात निघत नाय. तुझी काढ आधी. मग पलीकडून तिच्या पातीला लाग."

हे काय छायाला ठाऊक नव्हतं? लग्न होऊन आल्यापासून ती हेच करत आली होती. जिची पात आधी निघेल तिने पुढच्या बांधावरून वळायचं आणि मागे राहिलेलीच्या ओळीत समोरून शिरायचं. सगळ्या जणी हेच करतात. पण हातांना माहीत असलेलं डोक्यात यायला तिला त्या दिवशी उशीर झाला एवढं खरं.

तिने दणादण आपली पात काढली. तोवर गोजराबाई आणि भागीबाई वळल्या होत्याच. तिघी समोरून खुरपत आल्या, शकुबाई आपल्या चालीने इकडून आली, आणि चौघी मधे भेटल्या. शकुबाई काही आभार वगैरे मानत बसली नाही. चहा कुणी आणलाय, एवढंच तिने विचारलं.

छायाने बांधावर बसून कागद मांडीवर पसरला. पहिल्या ओळीत लिहिलं, चौदा तास. दुसरीत लिहिलं, संपलं की कपडे न बदलता शेवटच्या वळणावर परत जायचं आणि भाग्यश्री येईपर्यंत तिथेच उभं राहायचं. तिसरी ओळ सुचली नाही. सोडून दिली. कितीतरी दिवसांनी तिला छान भूक लागली.

दुपारी सायकली खोक्यांत भरायला भाग्यश्री मळ्यावर आली. आल्या आल्या तिने आपला कागद छायाच्या हातात दिला आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. कागदावर एकच ओळ होती. 'छायाने माझ्यासाठी थांबायचं नाही, थांबली तर परतीच्या विमानात मी तिच्याशेजारी बसणार नाही.'

छाया हसायला गेली आणि तिचे डोळे भरून आले. हे काय उद्दिष्ट आहे का, असं तिने कसंबसं विचारलं. दोन महिने तोंडाने सांगायचा धीर होत नव्हता, म्हणून लिहिलं, असं भाग्यश्री म्हणाली.

मग तिने छायाचा कागद घेतला. दोनदा वाचला. छायाच्या खिशातलं पेन काढून 'चौदा' खोडलं आणि वर 'साडेतेरा' लिहिलं.

"मला सोळा तास पन्नास मिनिटं लागतील," ती म्हणाली. "तोवर उभी बिभी राहू नकोस. कुणाकडून तरी खुर्ची माग, दोनदा जेवून घे, आणि मी वळणावर दिसले की मला शिव्या घालायला सुरुवात कर."